ऑनलाइन कोर्स करून जिउ-जित्सू शिकता येतं का? जवळपास शिकवणारं कुणीच नाही

उदगीरकर:

नमस्कार मंडळी. मी उदगीरला असतो, वय ३४, बँकेत नोकरी. ब्राझिलियन जिउ-जित्सूचं, म्हणजे जमिनीवर पकडीनं लढायच्या खेळाचं, वेड लागलंय, रात्री जेवण झालं की यूट्यूबवर तेच बघत बसतो, बायको म्हणते झोपेत माझा गळा धरू नका म्हणजे मिळवलं. अडचण अशी की इथं हे शिकवणारं कुणी नाही. कराटेचा क्लास आहे पण तो सगळा शाळेतल्या पोरांचा, त्यात मी उभा राहिलो तर लोक मला पालक समजतील. जिउ-जित्सूसाठी पुणं नाहीतर हैदराबाद गाठावं लागतंय, आणि दर आठवड्याला तिकडं जाणं नोकरी सांभाळून होणार नाही हे मला मान्य आहे.

तर आता ऑनलाइन शिकायचं म्हणायलोय. दोन प्रकार दिसायलेत. एक म्हणजे रेकॉर्ड केलेले धडे, महिन्याला डॉलरमध्ये पैसे भरायचे आणि आपल्या सोयीनं बघायचं. दुसरा म्हणजे कोच आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटतो आणि आपण प्रॅक्टिस करतानाचा व्हिडिओ पाठवला की तो बघून कुठं चुकलं ते सांगतो. काही जण तर बेल्ट पण व्हिडिओ बघूनच देतात म्हणे. मला विचारायचंय की असं शिकून खरंच काही हाताला लागतं का नुसतं समाधान, आणि दुसरं म्हणजे असा बेल्ट कुणी मानतं का, उद्या पुण्याला कुठल्या अकॅडमीत गेलो तर हसतील का. कुस्तीतलं मला टीव्हीवर बघण्यापलीकडं काही येत नाही. कुणी असं शिकलेलं असेल तर कृपया सांगा, "बंद कर हे खूळ" असं सांगणारे घरात आहेत त्यामुळं ते इथं नको.

गादीवरचा:

होतं, पण अर्धं होतं. कुठलं अर्धं होतं ते आधी समजून घे भावा म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. मी ठाण्याचा, ब्लू बेल्ट म्हणजे पांढऱ्यानंतरचा पट्टा, अकॅडमीतच शिकलोय पण रेकॉर्डेड कोर्स पण दोन घेतलेत त्यामुळे दोन्हीकडचं बोलू शकतो.

व्हिडिओतून कळतं ते म्हणजे हात कुठे, पाय कुठे, आधी काय मग काय. हे कमी नाहीये, खूप लोक अकॅडमीत जाऊन पण दोन वर्षांनी हेच विचारत असतात की तिथे कोपर आत का घ्यायचं. पण समोरच्याचं वजन अंगावर आल्यावर काय वाटतं, तो ढकलतोय का ओढतोय, कुठल्या क्षणी तो हलका झाला आणि आता ब्रिज मारला, म्हणजे पाठीवर असताना कंबर वर उचलली, तर पलटेल, हे स्क्रीनवरून येत नाही, येणारच नाही, जगातला सगळ्यात भारी कोच स्क्रीनमध्ये असला तरी नाही. ते फक्त पार्टनर शिकवतो. म्हणून तुझ्या प्रश्नात जे नाहीये तेच मी विचारतो, पार्टनर आहे का? पार्टनर असेल तर साधा कोर्स पण चालेल आणि पार्टनर नसेल तर कुठलाच चालणार नाही. आणि पार्टनर पण असा हवा जो दर वेळी येईल आणि ऐकून घेईल, ताकद दाखवायला येणारा नको.

बेल्टबद्दल. ऑनलाइन बेल्टचा सगळ्यात मोठा राडा झाला तो कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सच्या ग्रेसी लोकांवरून. ब्राझीलमध्ये जिउ-जित्सू रुजवणाऱ्या घराण्यातल्या हेलिओ ग्रेसीचे नातू रेनर आणि रायरन, यांनी ग्रेसी युनिव्हर्सिटी नावानं ऑनलाइन शाळा काढली, त्यात नवीन माणसासाठी ग्रेसी कॉम्बॅटिव्ज म्हणून ३६ तंत्रांचा कोर्स, तो करायचा, पार्टनरसोबत ठरलेले ड्रिल करून त्याचा व्हिडिओ अपलोड करायचा आणि ते बघून ब्लू बेल्ट. जिउ-जित्सूवाल्यांनी जाम शिव्या घातल्या. कारण आमच्याकडे ब्लू बेल्ट म्हणजे खाली दबून, टॅप करकरून म्हणजे हात आपटून हार मानून, रोज मार खाऊन मिळालेला असतो आणि हा माणूस कुणाबरोबर एकदाही लढलेला नाही. नंतर त्यांनी स्वतःच ते बदललं, आता व्हिडिओवरून मिळतो तो तंत्र येतं एवढाच दाखला, खरा पट्टा प्रत्यक्ष मॅटवर येऊन. माझ्या मते हे बरोबर केलं. कोर्स मात्र चांगला आहे हे त्यांना शिव्या घालणारे पण मान्य करतात, क्रम अतिशय विचार करून लावलाय.

आणि क्रम हीच खरी गोष्ट आहे ज्यासाठी पैसे द्यावेत. यूट्यूबवर सगळं आहे पण तिथं जे भारी दिसतं ते आधी वर येतं. नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात बेरिम्बोलो म्हणजे उलटं लोळून पाठीमागे जायचा अवघड डाव बघतो, त्याला साधं कुशीवर वळून कंबर सरकवता येत नाही. तू सुरुवातीला फक्त सुटका शीक. माउंटखालून, म्हणजे समोरचा अंगावर बसलेला असताना, ब्रिज मारून पलटणं, कोपर-गुडघा आत घेऊन निसटणं, साइड कंट्रोलमधून, म्हणजे तो बाजूनं दाबून असताना, पाय मध्ये आणून गार्ड परत लावणं. आर्मबार, ट्रायअँगल असले जिंकायचे डाव कुठे पळून जात नाहीत.

व्हाइटबेल्टकायमचा:

पट्टा कुरियरने येतो का हो? कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर मला ब्लॅक पाठवा 😂

गादीवरचा:

@व्हाइटबेल्टकायमचा हसण्यासारखं आहे खरं, पण ज्याच्या गावात मॅटच नाही त्याने काय करायचं ते पण सांग की.

आणि बघून शिकण्याचं म्हणशील तर ग्रेसी घराण्यातच सांगतात की हेलिओ लहानपणी तब्येतीनं किरकोळ, डॉक्टरनं व्यायाम बंद सांगितलेला, तो मोठ्या भावाचे म्हणजे कार्लोसचे क्लास कडेला बसून बघायचा आणि एक दिवस कार्लोसला यायला उशीर झाला तर यानेच शिकवलं. गोष्ट जरा सजवलेली वाटते मला. आणि खरी धरली तरी बघून झाल्यावर उतरायला त्याच्या घरातच मॅट होती आणि धरायला भाऊ होते, हे कुणी सांगत नाही.

कृष्णाकाठचा:

आवो राव, मला ते जिउ जित्सू काय कळत न्हाई, पोरगा दाखवतो कधीमधी मोबाइलवर. पन मी दहा वर्षं माती अंगाला लावलीय, वाळव्याकडचा हाय, त्यामुळं सांगतो. फोनवर बघून कुस्ती शिकलेला पैलवान मी तरी बघितला न्हाई. एकेरी पट काढायचा म्हणजे नुसता वाकून पाय धरायचा नसतो, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर हाय ते हाताला कळावं लागतं, आणि ते कळायला त्याच्या मानंवर हात ठिऊन तासन् तास खडाखडी करावी लागती. वस्ताद काय करतो, तुमचा डाव चुकला की मातीच्या हौद्याबाहेरनं शिवी हासडतो आन कधी कधी आत येऊन स्वतः धरून दाखवतो. ती शिवी फोनवर पन देता येती म्हना, पन धरून दाखवता येत न्हाई. ढाक डाव कसा लागतो ते एकदा स्वतःच्या अंगावर घेतलं की जन्मात इसरत न्हाई मानूस.

आता माझं म्हननं असं की तुम्ही उदगीरला ऱ्हाता. आपल्या लातूर जिल्ह्याला काय कमी हाय का, रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार त्याच जिल्ह्यातले, महाराष्ट्र केसरी, रुस्तुम-ए-हिंद. तिकडं तालमी असनारच. चौकशी करा. ३४ वय म्हनजे आता कुनी तुम्हाला फडात सोडनार न्हाई पन सकाळी तासभर जोर-बैठका आन थोडी लढत करायला कुनी नको म्हनत न्हाई, फक्त वस्तादाच्या पाया पडून सांगायचं की मला शिकायचंय, पैलवानकी दाखवायला आलो न्हाई. नारळ घेऊन जा. तालमीत फीचं काय एवढं नसतं, खुराकाला मात्र पैसं लागत्यात.

उदगीरकर:

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पार्टनर आहे. माझा मेहुणा, वय २८, वजन ९४ किलो, माझं ६८. तो तयार आहे, उलट जास्तच तयार आहे. परवा गंमत म्हणून हॉलमध्ये सतरंजीवर माउंट करून बघितलं, छातीवर ज्वारीचं पोतं टाकल्यासारखं झालं आणि व्हिडिओत जो ब्रिज एका सेकंदात होतो तो माझ्यानं कायी हललाच नाही. आता यात माझं तंत्र चुकायलंय का वजनाचा फरकच एवढा आहे ते मला कळेना आणि त्याला तर त्याहून कळेना. हेच कोचला व्हिडिओ पाठवला तर त्याला दिसेल का?

कृष्णाकाठकर वस्ताद, तालमीचं डोक्यातच आलं नव्हतं. चौकशी करतो.

सेन्सेई_नाशिक:

व्हिडिओत दिसेल का याचं उत्तर मी देतो कारण लॉकडाऊनमध्ये २०२० च्या उन्हाळ्यापासून माझा अख्खा कराटे क्लास झूमवर गेला होता आणि नंतरही बाहेरगावी गेलेले काही जुने विद्यार्थी व्हिडिओ पाठवूनच शिकतात. दिसतं, पण कॅमेरा कसा लावलाय त्यावर आहे सगळं.

बहुतेक लोक फोन टीपॉयवर पाण्याच्या बाटलीला टेकवून लावतात, म्हणजे कॅमेरा खालून वर बघतो आणि पाय कापले जातात. आमच्या कराटेत पाय कापले म्हणजे काहीच उरलं नाही, कारण स्टान्स म्हणजे उभं राहायची ठेवणच दिसत नाही. फोन कमरेच्या उंचीवर, आडवा, आणि पूर्ण जागा दिसेल इतका लांब. तुमचा प्रकार जमिनीवरचा आहे त्यामुळे मी म्हणेन एक व्हिडिओ बाजूनं आणि तोच डाव दुसऱ्यांदा डोक्याच्या बाजूनं थोडा उंचावरून, खुर्चीवर स्टूल ठेवून वगैरे. बाजूनं कंबर उचलली का ते कळतं, डोक्याकडून कोपरं कुठे आहेत ते. काळ्या चटईवर काळी पँट घालू नका, दोघांनी वेगळ्या रंगाचे टीशर्ट घाला, नाहीतर कुणाचा पाय कुणाचा हेच कळत नाही. आणि कापाकापी न करता पाठवा. लोक नऊ वेळा फसलेलं काढून दहावा जमलेला पाठवतात, मग शिक्षक काय डोंबल सुधारणार. फसलेलेच पाठवा.

लाइव्ह क्लासचा अनुभव म्हणाल तर काता म्हणजे एकट्यानं करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम चांगला शिकवता येतो, मला स्वतःला आश्चर्य वाटलं. हेइयान शोदान नावाच्या काताच्या २१ हालचाली, ठरलेल्या दिशा, ठरलेला क्रम, समोर कुणी माणूस लागत नाही. पण मी सुरुवातीला मुलांकडे पाठ करून उभा राहायचो, म्हणजे माझा डावा तो त्यांचा डावा. तोंड करून उभं राहिलं की पहिलंच डावीकडचं वळण अर्धी मुलं उजवीकडे घेतात. मोजणी पण एक वैतागच, मी "इची" (एक) म्हणतो ते प्रत्येकाच्या घरी वेगवेगळ्या वेळेला पोचतं, इंटरनेट जसं असेल तसं, मग वीस मुलांचा कियाई म्हणजे ठोशाबरोबरचा ओरडा पॉपकॉर्नवाणी फुटतो. म्हणून सगळ्यांना म्यूट करायचो आणि शेवटी एकेकाला एकट्याला करायला लावायचो. फुकटचं झूम ४० मिनिटांत बंद पडायचं, त्या ४० मिनिटांतली दहा तर "सर आवाज येत नाही" मध्ये जायची.

कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत मात्र शून्य. म्हणजे मी अंतर शिकवूच शकलो नाही. परत हॉल उघडला तेव्हा मुलांचे काता सुंदर झालेले आणि समोर माणूस आला की सगळी एक पाऊल जास्त लांब उभी, ठोसा हवेत. दोन-तीन महिने गेले ते परत जवळ आणायला. तुम्हाला पार्टनर घरचाच आहे त्यामुळे हे इतकं होणार नाही, पण एकाच माणसाबरोबर सराव केला की त्या एकाच माणसाची सवय होते हे पण खरं. मेहुणे नेहमी एकाच बाजूला वजन टाकत असतील तर तुम्ही फक्त त्याच बाजूची सुटका शिकाल.

दोन प्रकारांतला कुठला घ्यावा म्हणाल तर जो तुमचा व्हिडिओ बघून उत्तर देतो तोच. रेकॉर्डेड धडा तुम्हाला बघू शकत नाही. महिन्याला एकच उत्तर मिळालं तरी चालेल पण माणसानं बघून दिलेलं हवं.

म्युनिकची_काठी:

मी उलट्या दिशेनं हेच करतेय म्हणून लिहिते. मी म्युनिकला असते आणि मर्दानी खेळ शिकते, शिकवणारे वस्ताद कोल्हापूरकडचे. शनिवारी आमची सकाळ म्हणजे त्यांची दुपार, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक आणि हिवाळ्यात साडेचार, घड्याळं बदलली की दर वेळी एक क्लास चुकतो, वस्ताद म्हणतात तुमच्या सरकारला वेळ बदलायला सांगा.

लाठी-काठीचं असं आहे की ते एकट्यानं खूप करता येतं. पवित्रे म्हणजे पायांच्या चाली, काठीची फिरत, मनगट कसं वळतं, हे सगळं सेन्सेई म्हणतात त्या कातासारखं. त्यामुळे व्हिडिओवर बरंच पुढे गेलं. घरात शक्य नाही, इथली छतं अडीच मीटरची आणि काठी माझ्या उंचीची, बागेत जाते. लोक थांबून बघतात, एक आजोबा तर दर शनिवारी कुत्रं घेऊन येतात आणि बाकावर बसून पूर्ण क्लास बघतात, आता वस्ताद पण त्यांना फोनवरून रामराम करतात.

दांडपट्टा मात्र मला वस्तादांनी व्हिडिओवर शिकवायला साफ नकार दिला. २०२४ ला तो राज्यशस्त्र जाहीर झाला तेव्हा मी उत्साहात विचारलं होतं. ते म्हणाले, हात कोपरापर्यंत मुठीच्या खोबळ्यात जातो, मनगट वळतच नाही, सगळं खांद्यातून आणि कंबरेतून फिरवायचं असतं, आणि पातं लवलवतं, ते कुठे जाईल ते शिकवणाऱ्यानं शेजारी उभं राहून बघितलं पाहिजे. भारतात आलीस की ये, तोवर काठी. मला आधी वाईट वाटलं, पण असा नकार देणारा शिक्षक मिळाला तर धरून ठेवा असं मी म्हणेन. जो म्हणतो सगळं ऑनलाइन शिकवतो त्याच्यापासून जरा लांब. उदगीरकर, तुम्ही कोचला पहिल्याच कॉलला विचारा, यातलं काय तुम्ही मला व्हिडिओवर शिकवणार नाही? उत्तरावरून माणूस कळेल.

आणि एक बारीकसं, फोनचा पुढचा कॅमेरा रेकॉर्ड करताना उजवं-डावं उलटं ठेवतो काही फोनमध्ये, सेटिंगमध्ये बंद करा नाहीतर वस्ताद म्हणतात डावा पाय पुढे घे आणि तुम्ही म्हणता घेतलाय की.

फिजिओ_बाई:

कोचिंगचं मला माहीत नाही पण माझ्याकडे असे घरी शिकणारे पेशंट येतात म्हणून सांगते. वजनात २६ किलोचा फरक आहे आणि दोघंही नवीन. मान आणि गुडघा सांभाळा.

गळा आवळण्याचे जे प्रकार आहेत त्यात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, नीट लागला तर साधारण दहा सेकंदांच्या आत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. आणि नीट लागला तर दुखत नाही, त्यामुळे दुखेपर्यंत थांबू असा विचार करायचाच नाही. अकॅडमीत शेजारी कोच उभा असतो तो सोडवतो, तुमच्या हॉलमध्ये कोण आहे? पहिले काही महिने गळ्याचे प्रकार करूच नका, फक्त हात कुठे जातो ते दाखवून सोडून द्या. दुसरं हील हूक. पाय पिळण्याच्या प्रकारात गुडघ्याचं लिगामेंट आधी जातं आणि दुखणं नंतर कळतं, म्हणून स्पर्धांमध्ये खालच्या पट्ट्यांना ते करायला बंदी असते. यूट्यूबवर बघून करायची गोष्ट नाही ती.

टॅप करताना समोरच्याच्या अंगावर करा, जमिनीवर केलेला त्याला कळत नाही, आणि हात अडकलेले असतील तर तोंडानं ओरडा. मेहुण्यांना सांगा की टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचं, "अजून थोडं बघू" नाही. आणि सतरंजीवर नका करू, सरकते. रोज धुतलेले कपडे, झाल्यावर लगेच अंघोळ, नाहीतर गजकर्ण होतं, मॅटवर खेळणाऱ्यांमध्ये ते फार कॉमन आहे आणि मग ते घरभर फिरतं.

गादीवरचा:

फिजिओ ताई म्हणतात त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

आता ब्रिजचं. तुझ्या वर्णनावरून दोन गोष्टी वाटतात. एक म्हणजे तू सरळ वर उचलत असणार. ९४ किलो सरळ वर कुणाकडूनच जात नाही. आधी त्याचा एका बाजूचा हात धरून छातीशी अडकव, त्याच बाजूचा त्याचा पाय तुझ्या पायानं अडकव, म्हणजे त्या बाजूला त्याला टेकायला काही उरलं नाही, मग टाचा बुडाजवळ घेऊन त्याच बाजूच्या खांद्यावरून तिरका वर जा. हात आणि पाय दोन्ही अडकल्याशिवाय उचलायचंच नाही. दुसरी गोष्ट, मेहुण्याला सांग की सुरुवातीला तो बसलेला पुतळा आहे. नंतर थोडा विरोध, मग अजून थोडा. पूर्ण ताकद लगेच लावली तर तू काहीच शिकणार नाहीस आणि कधीच लावली नाही तर जे शिकशील ते खोटं असेल. कोच ऑनलाइन असेल तर त्याला हाच प्रश्न विचार की विरोध कधी किती वाढवायचा, चांगला कोच याचं उत्तर व्हिडिओ बघून देतो.

ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरोंनी १८८२ ला टोकियोत कोडोकान ही शाळा काढली तेव्हा जुन्या जुजुत्सूवाल्यांपेक्षा त्यांचं वेगळेपण हेच होतं की पोरं रांदोरी करायची, म्हणजे विरोध करणाऱ्या माणसाबरोबर खरोखरची झटापट, जीवघेणे प्रकार काढून टाकून. त्याच कोडोकानचा माएदा ब्राझीलला गेला, बेलेम शहरात कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला आणि पुढे हे सगळं घराणं. म्हणजे या विद्येच्या मुळातच रोलिंग म्हणजे ही खरी झटापट आहे, ते काढलं तर उरतं ते फक्त आकृत्या.

आणि वस्ताद, तालमीचं तुम्ही सांगितलं ते एकदम मस्त आहे पण उदगीरकरला एक सावध करतो. कुस्तीत खाली सापडला की पैलवान पोटावर पालथा झोपतो, कारण पाठ लागली की चितपट, संपलं. आमच्यात पालथा झोपलेला माणूस म्हणजे पाठ फुकट दिली, मागून गळा धरला की खेळ खलास. आणि पाठीवर झोपून पायांनी समोरच्याला अडवणं याला आमच्याकडे गार्ड म्हणतात, ते हरणं नाही. म्हणजे तालमीत आणि कोर्समध्ये अगदी उलट सवयी लागतील. तरी जा. उभ्यानं धरणं, पट काढणं, तोल, मान, पकड, दम, हे सगळं तिथे मिळेल आणि ऑनलाइन कोर्सवाल्यांचं नेमकं तेच कच्चं असतं. माझ्या अकॅडमीत तालमीतून आलेली पोरं पहिल्या दिवशी सगळ्यांना खाली घेतात, नंतर काय करायचं ते त्यांना माहीत नसतं, पण खाली घेतात.

कृष्णाकाठचा:

पाठीवर पडून जिंकत्यात? अजबच की. आमच्या वस्तादानं बघितलं तर पट्ट्यानं हानला असता. पन ठीक हाय, ज्याचा त्याचा खेळ.

व्हाइटबेल्टकायमचा:

वस्ताद तुम्ही १९५१ ची किमुरा विरुद्ध हेलिओ कुस्ती बघा कुठे मिळाली तर, रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये झालेली. किमुरा जपानी ज्युदोवाला, त्यानं हेलिओचा हात मोडला तरी हा टॅप करेना, शेवटी कोपऱ्यातून टॉवेल टाकला. हात पिरगळायच्या त्या डावाला आता सगळे किमुराच म्हणतात. म्हणजे हरवणाऱ्याचं नाव डावाला दिलं, मला ते आवडतं.

(आणि उदगीरकर, चेष्टा केली ती मनावर घेऊ नका. मी तीन वर्षं व्हाइटच आहे.)

उदगीरकर:

चेष्टा कशाला मनावर घेऊ, कुरियरवाल्यावर बायको पण हसली.

ठरवलंय असं की बेल्टचा विषय सोडला. व्हिडिओ बघून उत्तर देणारा एक कोच बघितलाय, त्याला म्युनिकच्या ताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला, तो म्हणाला पायाचे पिळ आणि उभ्यानं फेकणं व्हिडिओवर शिकवणार नाही, आणि सहा महिन्यांतून एकदा तरी प्रत्यक्ष येऊन चार दिवस राहा. हे ऐकून बरं वाटलं. मेहुण्याला पुतळा व्हायला सांगितलं, त्याला ते पटलं नाही पण ऐकायलाय. आणि वस्ताद, रविवारी तालमीत गेलो होतो नारळ घेऊन. तिथल्या वस्तादांनी नाव विचारलं, नोकरी विचारली, बँकेत आहे म्हटल्यावर आधी पीक कर्जाचं विचारलं आणि मग म्हणाले उद्यापासून पाचला या. बैठका मारून आल्यापासून बँकेतले दोन जिने धरून धरून उतरायलोय.

आता मॅटचं कुणी सांगा. हॉल साधारण १० बाय १२ आहे, फरशी आहे. ते कोड्यासारखे जोडायचे फोमचे तुकडे घ्यावेत का, का कापसाची गादी चालेल?

गादीवरचा:

कापसाची गादी अजिबात नको, पाय रुततो आणि गुडघा फिरतो. जोडायचे फोमचेच घे पण जाड, ४० मिलिमीटरचे, मुलांच्या खेळायच्या खोलीत असतात ते पातळ नको. भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसव नाहीतर मधली जोड उघडते आणि त्यात पायाचं बोट अडकतं. टीव्ही आणि टीपॉय बाहेर. गी म्हणजे तो जाड सुती पोशाख आत्ता घेऊ नकोस, हाफ पँट टीशर्टवर चालू कर, खिसे आणि चेन नसलेली पँट. आणि तालमीतून येशील तेव्हा आधी पाय धू मग मॅटवर जा, ती माती गेली की जात नाही.

लातूररोड:

मी लातूरला असतो, बरेच दिवस वाचत होतो, लिहीत नव्हतो. पुण्याला होतो तेव्हा वर्षभर जिउ-जित्सू केलंय, इथं आल्यापासून सगळं बंद. वजन ७२. रविवारी उदगीरला आलो तर चालेल का? मेहुण्यांना पण सुट्टी मिळेल.

उदगीरकर:

चालेल काय, या! मॅट गुरुवारपर्यंत येतील म्हणायलेत, नाही आल्या तरी या, कायतरी करू. सकाळी नवाला या, तालीम करून मी तोवर मोकळा होतो. नंबर मेसेज करतो. जेवूनच जायचं. नखं कापून या फक्त, मेहुण्याची नाहीत कापलेली, त्याला पण सांगतो.